माझ्याच लायसन्सनं माझी जिरवली

गेल्या आठवड्यात आमच्या घरात एक भानगड झाली. बायकोच्या मोबाईलमध्ये मला दुसऱ्याचं ॲप सापडलं.

हसू नका... ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

बायको नेरच्या शाळेत मराठी शिकवते, रोज यवतमाळहून एसटीनं जाते-येते. तिची स्टँडवरची तगमग बघून मी एक ॲप बनवलं होतं. कोणती गाडी किती वाजता, सुटली का, कुठवर आली, हे प्रवाशांनीच बटण दाबून कळवायचं. नाव ठेवलं 'बस स्थिती दर्शक'.

माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. कोणाच्या कॉम्प्युटरवर ढापलेलं सॉफ्टवेअर दिसलं की मी लिनक्सवर, मुक्त सॉफ्टवेअरवर सुरू होतो, चहा गार होतो, समोरचा काहीतरी काम काढून उठून जातो. 'मुक्त म्हणजे फुकट नव्हे' हे माझं लाडकं वाक्य. म्हणून ॲपचा सगळा कोड मी मुक्त लायसन्स लावून नेटवर ठेवला... कोणीही घ्या, बदला, वाटा. फक्त माझं नाव राहू द्या आणि तुमचाही कोड असाच खुला ठेवा.

कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग वणीच्या एका माणसानं तो कोड घेतला, रंग बदलले, नाव ठेवलं 'आली का बस?'... आणि बघता बघता स्टँडवर ज्याच्या त्याच्या हातात तेच! आमच्या घरातसुद्धा तेच!

मी जाब विचारला, तर तिनं दोन्ही ॲप उघडून दाखवली. माझ्यात येतं, 'सदर फेरीची माहिती अनुपलब्ध आहे.' त्याच्यात येतं, 'अजून नाही आली बाप्पा, बसा थोडं.'

"वर्गात आम्ही शिकवतो तेवढं पुरे नाही का? स्टँडवर कायले पाहिजे सदर अन् अनुपलब्ध?" असं म्हणून वर हसली. मराठीची बाई, आणि हे बोलते!

अंगाची नुसती लाही लाही झाली. कोड माझा, वेळापत्रक मी स्टँडवर उभं राहून उतरवलेलं, आणि कौतुक त्या वणीवाल्याचं... तेही माझ्या स्वयंपाकघरात. 'किती गोड बोलते ते ॲप' म्हणे. माझ्याबद्दल असं ती कधी म्हणाली होती, मला तर आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी चक्क सुट्टी टाकली आणि त्याचा कोड उघडून बसलो. लायसन्स मोडलं असेल तर धरायचा गचांडीला, हाच बेत. माझं नाव उडवलं असेल, कोड अर्धा लपवला असेल... काहीतरी मिळेलच.

काही मिळालं नाही. कोड सगळा खुला, आणि सगळ्यात वर माझं नाव, वडिलांच्या नावासकट. लेकानं एकही नियम मोडला नव्हता. चोर निघाला असता तर किती बरं झालं असतं...

दुपारी मात्र एक चूक सापडली. अमरावतीहून यवतमाळला येणारी संध्याकाळची एक नवी गाडी त्यानं नेरला थांबवली होती. ती विनाथांबा आहे, नेरच्या स्टँडवर येतच नाही. माझ्या ॲपमध्ये ते बरोबर होतं, पण बघतं कोण! वर त्यानं लिहून ठेवलं होतं, 'पहिल्या गाडीत गर्दी असंल तर सोडा, मागून रिकामी येऊन राह्यली.'

मी एकट्यानंच टाळी वाजवली. राहू दे म्हटलं तशीच... चार लोक ताटकळले की घालतील शिव्या.

आणि मग डोक्यात उजेड पडला. त्या चारांतली एक आपलीच बायको! लगेच फोन लावला... म्हटलं, त्या ॲपवर जाऊ नको, पहिली मिळेल ती साधी गाडी पकड.

"अहो, किती जळसान आता? काहून त्या बिचाऱ्याच्या मागं लागले?" असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलेचना.

आता करता काय! भरोसा त्या ॲपवर, माझ्यावर नाही. म्हणजे दुरुस्तीही त्या ॲपमध्येच करायला हवी. मी त्याच्या खुल्या कोडची प्रत घेऊन ती गाडी नेरमधून काढली आणि सूचना लिहायला घेतली... 'सदर फेरी विनाथांबा...' आणि हात थांबला. हे तिनं वाचलं असतं का? छे, शक्यच नाही.

मग घरी आई बोलायची तसं लिहिलं. 'मागची गाडी नेरले थांबत नाही. समोर भेटन ते पकडा, माय.' वणीवाल्याला पाठवलं आणि खाली टाकलं, भाऊ, जरा लवकर घ्या, बायको स्टँडवर आहे.

शाळा सुटायच्या आत त्याचं उत्तर आलं. "घेतलं दादा, चालू झालं. वहिनीले नमस्कार सांगा." इतकं चांगलं असायची काय गरज होती त्याला? मला आणखीच राग आला.

ती उजेड असतानाच घरी आली. पर्स ठेवायच्या आधीच सुरू झाली, "नावं ठेवत होते ना त्याले? आज त्यानंच वाचवलं मले. 'समोर भेटन ते पकडा, माय' असं आलं लिहून... कसं आपल्या माणसावानी बोलते तो!"

मी चहा टाकायला उठलो.

वणीच्या भाऊंचे मनापासून आभार, दुरुस्ती वेळेवर घेतली म्हणून. ते वाक्य माझं होतं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही... सांगितलं तरी तिला पटायचं नाही. तेव्हापासून मला वणीवाल्यापेक्षा त्या वाक्याचाच जास्त हेवा वाटतो.