काँप्युटरला पडले शंभरपैकी शंभर

गेल्या मे महिन्यात आम्ही घरच्या घरी एक गेमिंग काँप्युटर जोडला, आणि तो सासूबाईंच्या जुन्या फोनपेक्षा हळू चालला.

आधीच सांगते, चूक माझी नव्हती. म्हणजे होती, पण माझ्या जागी कुठलीही शहाणी बाई असती तरी तिने तेच केलं असतं, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे!

आमचे हे फौजेत कर्नल, सध्या पोस्टिंग चंदीगडला. मी मूळची कोल्हापूरची. आमची सतरा वर्षांची सई मात्र धड कुठलीच नाही. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. तर या सईला मोहालीतल्या मुलामुलींच्या एका गेमिंग टीममध्ये जागा मिळत होती. रविवारी संध्याकाळी पाचला घरूनच ऑनलाइन चाचणी द्यायची होती, आणि तिचा जुना लॅपटॉप गेम उघडायच्या आतच मान टाकायचा. दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदलणाऱ्या पोरीला पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून 'आमच्यात ये' म्हणत होतं. (फौजी मुलांची कुणाशी गट्टी जमेपर्यंत सामानाचा ट्रक दारात येऊन उभा राहतो.) म्हटलं, काँप्युटर येणार म्हणजे येणार!

लगेच पुण्याहून माझ्या दिरांचा फोन. मंदार भावजी आयटीत आहेत, त्यामुळे त्यांना जगातलं सगळंच कळतं.

"वहिनी, तयार काँप्युटर घ्या हं. सुटे भाग आणून जोडणं तुम्हाला नाही जमायचं."

नाही जमायचं? कोल्हापूरच्या बाईला? त्याच दुपारी सुटे भाग मागवले.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कामाला सुरुवात झाली. सई व्हिडिओ बघून सांगणार, हे स्क्रू पिळणार, आणि मी देखरेख करणार. देखरेख म्हणजे एकही खोकं फाटू द्यायचं नाही आणि एकही प्लास्टिक निघू द्यायचं नाही. सिव्हिलमधल्या लोकांना यातलं काही कळायचं नाही! आमचा संसार सारखा ट्रकमध्ये चढतो नि उतरतो. तरी आमच्या टीव्हीवर एक ओरखडा नाही, कारण त्याच्या कडेची प्लास्टिकची पट्टी मी आजतागायत कुणाला काढू दिलेली नाही. फ्रिजचं दार, मायक्रोवेव्हची बटणं, सगळं कंपनीतून आलं तस्संच! आता तर यांची पोस्टिंगही वर्षभरात निघायची होती. मी टेबलापाशी डोळ्यांत तेल घालून उभी राहिले.

दुपारी काँप्युटर सुरू झाला. आत निळे-जांभळे दिवे लागले. आम्ही टाळ्या वाजवल्या, मी साखर वाटली, आणि सईने गेम उघडला.

गेममधल्या हिरोने पळायला एक पाय उचलला आणि तो पाय तसाच हवेत राहिला.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो. सेकंदाला किती चित्रं सरकतात, ते तो सांगतो. सईच्या म्हणण्याप्रमाणे तो दीडशेच्या आसपास हवा होता. आमचा होता बावीस.

"मम्मा, ये तो लैपटॉप से भी गया-गुज़रा है!"

"विजेचा दाब कमी असेल," हे शांतपणे म्हणाले आणि फ्रिजचा स्टॅबिलायझर उपटून काँप्युटरला लावला. आकडा बावीसच राहिला. श्रीखंडाचं मात्र ताक झालं.

मग सईने कुठलंसं सॉफ्टवेअर टाकून काँप्युटरची तपासणी केली, आणि पडद्यावर आला मोठ्ठा आकडा: शंभर!

"शंभर!" मी आनंदाने ओरडले. "बघा, पैकीच्या पैकी!"

"मम्मा, वो टेंपरेचर है!"

म्हणजे आमच्या काँप्युटरच्या डोक्यावर चहा उकळला असता. तापला की तो आपणहून काम कमी करतो म्हणे. (आमच्या घरात ही सोय फक्त त्यालाच आहे.) पण असा इतका का तापावा? "चंदीगडचा मे महिना आहे, दुसरं काय!" असं मीच जाहीर केलं, आणि वरात बेडरूममध्ये नेली. एसी सोळावर लावला, पडदे ओढले आणि आम्ही तिघंही रजया पांघरून बसलो. बाहेर भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, आत आमचे दात वाजतायत! तासाभराने आकडा बावीसचा सव्वीस झाला.

नेमका तेव्हाच भावजींचा फोन.

"काय वहिनी, काय म्हणतोय काँप्युटर?"

"ए-ए-एकदम मस्त!"

"आवाज का असा कापतोय?"

"आनंदाने हो, भावजी! आनंदाने!" म्हणून मी फोन ठेवला आणि यांच्या वाटची रजईपण ओढून घेतली.

रविवारी सकाळी शेजारच्या मिसेस गिल खबर काढायला आल्या. पंजाबी बाई, मन मोठं, आवाज त्याहून मोठा. काँप्युटर पाहून त्यांनी गालावर हात ठेवला. "नज़र लगी है जी, पक्का! इतनी लाइटें लगाओगे तो लगेगी ही!" आणि तशाच घरी जाऊन लिंबू-मिरची घेऊन आल्या. हवा लागावी म्हणून काँप्युटरची एक बाजू आम्ही उघडीच ठेवली होती, तिथेच त्यांनी ती टांगली. सईने बटण दाबलं, पंखा फिरला, दोरा ओढला गेला आणि दोन मिरच्यांची क्षणात चटणी झाली! खोली बंद, एसी चालू. त्या ठसक्याने आम्ही चौघं खोकत, शिंकत, एकमेकांच्या पायांवर पाय देत व्हरांड्यात येऊन पडलो. "निकल गई जी, नज़र निकल गई!" डोळे पुसत मिसेस गिल म्हणत होत्या. आकडा मात्र सव्वीसवरून परत बावीसवर आला होता.

दुपारी सई कोपऱ्यात फोन घेऊन बसली. "रहने दो, मम्मा. मैं मना कर देती हूँ उनको. वैसे भी अगले साल तो यहाँ से चले ही जाना है."

ही पोर रडली असती तर चाललं असतं. पण तिने हे इतक्या सवयीने म्हटलं की मी तिच्या हातातला फोन हिसकावूनच घेतला.

"कुणी काही मना करायचं नाही! अहो, पकडा तो स्क्रूड्रायव्हर! सगळं उघडा!"

यांनी काँप्युटरचा मेंदू थंड ठेवणारा तो पंख्याचा जड ठोकळा सोडवून उचलला आणि उलटा केला. तळाला एक सुंदर, पारदर्शक, कुठेही न फाटलेलं प्लास्टिक होतं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की बसवण्यापूर्वी हे काढा. मेंदूची उष्णता ठोकळ्यात जायची वाट आम्ही पॅकिंगसकट बंद केली होती.

कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. म्हणजे, दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मैंने पूछा था," सई म्हणाली. "मैंने पूछा था कि ये निकालना है क्या. आपने बोला, 'हात तोडीन!'"

(वर्षभरात पोरगी पहिलं मराठी वाक्य बोलली, आणि तेही माझंच!)

"मग? बरोबरच बोलले!"

"अगं, पण लाल अक्षरांत लिहिलंय..." हे म्हणाले.

"फ्रिजवरपण लिहिलं होतं! काढलं कुणी? बिघडला का फ्रिज? आणि काढायचंच होतं तर इतकं दणकट प्लास्टिक लावायचं कशाला? हे सरळ सरळ मोह घालणं झालं!"

तेवढ्यात नवीच भानगड निघाली. मेंदू आणि ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून न्यायला लावायची पेस्ट सगळी त्या प्लास्टिकला चिकटून बसली होती, ती नव्याने लावायला हवी होती. चार वाजून गेलेले. हे गाडीची किल्ली शोधायला लागले, पण सेक्टर सतराच्या बाजारापर्यंत जाऊन, दुकान उघडं मिळून, परत येईतो चाचणी संपली असती. मी गुपचूप स्वयंपाकघरातला खालचा ड्रॉवर उघडला. सॉसच्या पुड्या, जादाची बटणं, कसल्याकसल्या किल्ल्या, आणि या सगळ्याखाली त्या ठोकळ्याच्या खोक्यात आलेली जादा पेस्टची चिमुकली ट्यूब! 'हिचा काय उपयोग, टाकून दे' असं कोण म्हणालं होतं त्यांचं मी नाव घेत नाही, पण ते कर्नल आहेत.

पाचच्या ठोक्याला गेम सुरू झाला. आकडा दीडशेच्या वर! हिरो वाऱ्यासारखा पळायला लागला आणि सईची बोटं त्याच्याही पुढे. "डावीकडून येतोय! मेल्याला सोडू नकोस! हाण!" मी मागून ओरडत होते. सईचा माइक चालू आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

खेळ थांबला. टीमचा कॅप्टन गुरनूर काहीतरी बोलला, आणि सई कानांवरचं काढून माझ्या गळ्यात पडली.

"मम्मा, ले लिया! मुझे ले लिया!"

मला रडू आलं. मिरचीचं अजून झोंबतंय, असं मी सगळ्यांना सांगितलं. मग भावजींना फोन लावला. "आम्ही स्वतः जोडला आणि स्वतः दुरुस्त केला!" ठणकावून सांगितलं, आणि ते 'काय झालं होतं' विचारायच्या आत ठेवून दिला.

पण बातमी काय लपून राहते? सईच्या मम्मीने एका दुपारात काँप्युटर सुधारला, हे गुरनूरने टीमभर केलं. आता ती पोरं 'आंटीजी, एक बार देख लो ना' म्हणत आपापले काँप्युटर घेऊन येतात. मी कुणाला नाही म्हणत नाही. या घडीला आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन काँप्युटर उघडून ठेवलेले आहेत, आणि आम्ही खाली सतरंजीवर जेवतोय. तिन्ही बंद आहेत. त्यांतले दोन आले तेव्हा अगदी व्यवस्थित चालू होते.