पिलांवरची मरळ

माझ्या धाकट्या भावाचं डोकं ठिकाणावर नाही, हे मी तो शाळेत होता तेव्हापासून सांगत आलेय. तो अमेरिकेत राहतो. तिकडे समुद्रकाठच्या खाऱ्या दलदलीत वाटाड्या घेऊन होडीतून हिंडतात म्हणे. उथळ पाण्यात लाल मासा शेपूट वर काढून चरताना दिसला की त्याच्या तोंडापुढे पिसांची खोटी माशी फेकायची. मासा धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. मागच्या सुट्टीत त्याने तसला लांब काठीचा गळ माझ्यासाठी आणला. म्हणाला, "ताई, तुझ्या हाताला याच्यासारखं औषध नाही."

हात म्हणजे उजवा. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण आठ महिने झाले तरी हात खांद्याच्या वर जाईना. आता नाही हलवलात तर जन्मभर असाच आखडून राहील, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तोंडावर सांगितलं होतं. मी शाळेतली बाई. फळ्याचा वरचा अर्धा भाग माझ्यासाठी संपलाच होता. खरं सांगू? दुखण्यापेक्षा भीतीच जास्त होती. वाटायचं, आत काहीतरी फाटेल. यजमान रोज भिंतीवर बोटं चढवायला लावायचे आणि मी त्यांच्या अंगावर खेकसायची.

आम्ही नरडाण्याला राहतो. मे संपत आला की तापीवरच्या बंधाऱ्यामागचं पाणी ओसरतं, काठाला गुडघाभर उरतं, गवत आणि जलपर्णी माजते. यजमानांनी तिथला एक म्हातारा मासेमार गाठला. त्यांना सगळे नाना म्हणतात. रविवारी सकाळी मला काठावर सोडून यजमान बाजाराला निघून गेले. ते समोर असले की मी रडून मोकळी होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

होडीत बसल्यावर नानांनी माझ्या डबीतली माशी चिमटीत धरली. "हाई काय शे? कोंबडीनं पीस?" आणि असे हसले की होडी हलली. मला राग आला. पण नंतर ते मागे उभे राहून बांबूने होडी ढकलायला लागले आणि माझा राग ओसरला. मला नुसतं गढूळ पाणी दिसायचं, त्यांना त्यात मासा दिसायचा. "तठे देख. मरळ श्वास घेवाले वर येस."

मी कमरेपासून, आडवी, चोरून फेकायची. माशी चार हातांवर पडायची. असं पाच-सहा वेळा झाल्यावर नानांचा धीर सुटला. "हात वर कर ना, अक्का! गोफण फिरावतस तशी फिराव!"

"नाही जात हात वर!" मी ओरडले. "ऑपरेशन झालंय माझं!"

नानांनी होडी पुढे ढकलली. मग जलपर्णीच्या कडेला पाणी बारीक थरथरताना दिसलं, मी आडवीच फेकली, आणि काठीला असा हिसका बसला की ती हातातून सुटता सुटता राहिली.

मरळ सरळ जलपर्णीत घुसायला निघाली. "काठी वर! वर धर, गुतीन ती!" नाना ओरडले. मी काठी वर धरली. डोक्याच्याही वर. काखेतून बोटांपर्यंत कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं, मी नानांना, भावाला, मरळीला, सगळ्यांना शिव्या घातल्या, पण हात खाली घेतला नाही. काही फाटलं नाही.

मरळ होडीशी आली. हातभर लांब, काळीशार. तिच्यामागे पाण्यात लाल ठिपक्यांचा एक पुंजका घिरट्या घालत आला.

नाना चरकले. "अरे देवा. उन्हात दिसनं नही मले. पिलं शेतस तिनी. सोडी दे."

"सोडू? पहिला मासा आहे माझा!"

"पिलांवरली मरळ आम्हीन धरतस नही. मना बापनी बी कधी धरी नही. ती गयी तं घडीभरमा बठ्ठा पिलं दुसरा मासा खाई जातीन."

मला समजत होतं, पण पटत नव्हतं. घरी काय दाखवू? कोण विश्वास ठेवणार? आठ महिन्यांत एवढी एकच गोष्ट धड झाली होती, आणि तीही पाण्यात सोडायची! निदान एक फोटो, असं म्हणत मी पिशवीत फोन शोधायला लागले. नाना तोवर मरळीचं तोंड पाण्यात धरून बसले होते.

"मासा कसाले दाखाडस, अक्का?" ते म्हणाले. "हात दाखाड ना."

मी गळ काढला. मरळ पिलांखाली शिरली आणि सगळा लाल पुंजका तिच्याबरोबर जलपर्णीआड गेला. मी नानांच्या पायाला हात लावायला वाकले, तर ते ओरडले, "बस खाले, होडी उलथीन!" त्या माणसाचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही. त्या मरळीचेही.

काठावर यजमान नुकतेच येऊन मोटारसायकलवरून उतरत होते. माझ्या सपाट पिशवीकडे बघून म्हणाले, "काय, मिळालं का काही?"

मी हात वर केला. सरळ, कानाला लागेल इतका.

त्यांनी स्टँड न लावताच गाडी सोडली. भाजीच्या पिशवीसकट ती आडवी झाली, टोमॅटो उतारावरून पाण्यापर्यंत गेले, आणि आम्ही दोघंही ते उचलायला गेलो नाही.