पोच घेणारी शेजारीण

आमच्या शेजारच्या पोरीने आजवर जितक्या कागदांवर 'पोच' घेतली आहे, तितके शिक्के सरकारनेही मारले नसतील. पोच म्हणजे अर्ज मिळाल्याची सही, तारीख, शिक्का. शाळेत असताना सहलीला जायचं म्हणून हिने वडिलांना अर्ज लिहिला, 'विषय : माथेरानला जाण्याबाबत', आणि ते बिचारे हो म्हणाले तरी ऐकेना. "पप्पा, तोंडी नको. पोच द्या." आम्ही सिल्व्हर पार्कात राहायला आलो तेव्हा मी त्यांच्याकडे पुरणपोळ्या नेऊन दिल्या, तर डब्याच्या झाकणावर 'सात नग मिळाले' असं लिहून, खाली सही करून हिने डबा परत पाठवला.

मोठी झाली तशी ही खोड गल्लीभर पसरली. दिवा बंद, गटाराचं झाकण गायब, की निघाली अर्ज घेऊन. पलीकडच्या नया नगर मोहल्ल्यातल्या एक खाला, म्हणजे मावशी, येऊन म्हणायच्या, "बेटा, पानी का प्रेशर देखो ना." ही म्हणायची, "देखती हूँ खाला, पहले अर्जी लिखते हैं." वॉर्ड ऑफिसातला एक क्लार्क तर ही जिन्यात दिसली की जेवायला जायचा. सकाळी साडेदहाला! ही शांतपणे बाकावर बसायची, तो आला की आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याला द्यायची, आणि त्याने हात धुतले की म्हणायची, "काका, आता शिक्का." एकदा हिला बघायला आलेल्या मुलाच्या वडिलांकडेही हिने बायोडेटाची पोच मागितली. स्थळ चहा न पिताच उठलं. आईने कपाळावर हात मारून घेतला.

मग आमच्या वॉर्डातली जागा महिलांसाठी राखीव झाली आणि ही अपक्ष उभी राहिली. मी म्हटलं, "अगं बाई, आपटशील!" वडिलांचा तर जीव टांगणीला. पोरीने नोकरी सोडली होती. पडली तर उठेल का, हाच घोर. इतरांनी बॅनर लावले, हिने घरोघर तक्रारी लिहून घेतल्या आणि ज्याला त्याला सही करून पोच दिली. एका आजोबांची तक्रार होती की सून चहात साखर घालत नाही. त्यांनाही दिली.

आणि तिथेच घात झाला. मतदानाच्या दिवशी निम्म्या बायका तीच पोच मतदारचिठ्ठी समजून केंद्रावर घेऊन गेल्या! आतून सगळ्या परत पाठवल्या. ऊन हे असं रणरणतं. मी म्हटलं, संपलं, आता कोण परत येतंय? पण खाला पदर खोचून ओरडल्या, "घर जाओ, आधार लाओ! लडकी ने साइन करके दिया है!" तासाभरात सगळ्या आधार कार्डं घेऊन रांगेत हजर. पोरगी निवडून आली. थोडक्यात आली, पण आली.

त्या संध्याकाळी गुलालाने माखलेली ती माझ्या सोफ्यावर बसून ढसाढसा रडली. "काका, आता टेबलाच्या पलीकडे मीच बसणार. आता मी भांडू कुणाशी?" तिचा अभिमान वाटत होता आणि वाईटही वाटत होतं. मी आपलं पाणी आणून दिलं.

हल्ली तिला भेटायचं तर सकाळी रांग लावावी लागते. अधूनमधून मीही जाऊन उभा राहतो. माझं काम काहीच नसतं.