भुरीचा पट्टा आणि मामींची सीट

रविवार, १४ डिसेंबर. इतके महिने इथे काहीच लिहिलं नाही, माफ करा. कारण सांगायला बसले की ते मलाच सबब वाटतं, म्हणून सांगत नाही.

आमच्या कुत्रीच्या, भुरीच्या, पोटात गाठ निघाली आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला अकोल्याला न्यायचं. पण मागे एकदा जोरात ब्रेक लागून ती सीटवरून खाली आपटली, तेव्हापासून गाडी सुरू झाली की पलंगाखाली शिरते. ती भीती आधी जायला हवी, म्हणून आज वाशिम ते पोहरादेवी, येताना इंझोरी, असा फेरा केला. गाडी चालवायला सुनील, माझा नवरा.

निघण्याआधी भुरीला खायला दिलं नाही, फक्त पाणी. छातीला पट्टा, आणि तो सीटबेल्टच्या बक्कलात. आमची मागची बक्कलं गाडी घेतल्यापासून सीटकव्हरखाली गाडलेली. एका बाजूचं कव्हर ब्लेडने कापून बक्कल वर काढलं, गोधडी अंथरली. भुरी थरथरत चढली.

मंगरूळपीरला पोहे चांगले मिळतात, सल्ले फुकट. एक गृहस्थ काचेतून डोकावले. "कुत्र्याले बांधून काहून नेऊन राह्यले, मॅडम? उडून जाते का ते?" त्यांच्या मोटारसायकलवर मागे बायको, मधे दोन पोट्टे, टाकीवर तिसरं. हेल्मेट आरशाला लटकलेलं, बहुधा नजर लागू नये म्हणून.

पोहरादेवीला गाडी लावायला जागा मिळाली ती भर उन्हात. पार्किंगवाला म्हणाला, "काचा लावा अन् जा दोघंबी. घंटाभरात काय होते?" बंद गाडीत काय होतं हे त्याला आत बसवूनच दाखवावं असं वाटलं. आम्ही आळीपाळीने दर्शन घेतलं. मागून कुणीतरी बोललंच, "देवापरीस कुत्रं मोठं झालं बाप्पा!"

इंझोरीला सुनीलच्या मामींकडे जेवण. भुरीला भाकर घालायला निघालेल्या मामींना मी अडवलं, गाडीत ओकेल म्हणून. "पाहुणा उपाशी धाडू काय वं?" त्या रागावल्या. मग तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन थेट गाडीशी. आमच्याकडे रिकामी सीट म्हणजे गावाची मालमत्ता. वाशिमला येणार हे त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

"कुत्र्याले सीट, अन् मले काय टपावर बसवतं?"

सुनील माझ्या कानाशी आला. "आजच्या दिवस भुरीला डिक्कीत ठेवू?"

"मग अकोल्याला तूच तिला उचलून ने. पायी."

शेवटी मामी भुरीशेजारी बसल्या, पदर सावरून, शक्य तितकं अंतर राखून.

मंगरूळपीरच्या अलीकडे शेळ्या आडव्या आल्या. सुनीलने करकचून ब्रेक दाबला. मी मागे वळले ती भुरीसाठी. भुरी पट्ट्यात जागच्या जागी, एकदा भुंकली, मग गोधडीवर बसली. मामी मात्र दोन सीटांच्या मधे, शेंगांसकट. कोपर सोललेलं.

"ते बांधेल होतं म्हून वाचलं," त्या खालूनच ओरडल्या. "मले काहून नाई बांधलं वं?"

मी पट्टा ओढला, अडकवायला गेले. बक्कल नव्हतं. त्या बाजूचं कव्हर मी कापलंच नव्हतं. दिवसभर ज्या लोकांना मनातल्या मनात अडाणी म्हणत आले, त्यांच्याच गाडीतून जणू मी फिरत होते. टाकीवर पोर बसवणाऱ्यावर हसायचा मला काय हक्क? (त्याच्यावरचा राग मात्र अजून गेलेला नाही. तो चूकच होता.) मी मामींना पुढे बसवलं, बेल्ट लावला आणि मागे भुरीशेजारी बसले, बेल्टशिवाय.

संध्याकाळी घरापुढे गाडीचं दार उघडं राहिलं होतं. भुरी आपणहून गाडीशी गेली, तिने वास घेतला, पुढचे दोन पाय सीटवर टेकवले आणि माझ्याकडे पाहिलं. अकोला जमेल. मामी कोपराला हळद लावून तिच्याकडे बघत होत्या. "शहाणं हाये," म्हणाल्या.

उद्याचं काम: दुसऱ्या बाजूचं सीटकव्हर कापणे.