तांबेऱ्याच्या खोलीत

आमच्या साताऱ्याकडे गव्हावर तांबेरा रोग पडला की रानातून चालताना लुगड्याचा काठ तांबडा व्हायचा. इथे नवी मुंबईत, नावड्याहून मी रोज ज्या प्रयोगशाळेत जाते, तिथे तोच तांबेरा मुद्दाम वाढवतात. तो रोपांवर टाकायचा आणि कोणतं रोप तग धरतं ते बघायचं. तग धरणाऱ्याचा मग चांगल्या वाणाशी संकर करायचा.

संकराचं काम गारेगार खोलीत, आम्हा बायकांचं. कोवळ्या ओंबीच्या फुलाफुलातले हिरवे परागकोश चिमट्याने काढायचे, वर कागदी पिशवी चढवायची, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या रोपाचे पराग शिंपडायचे. एक जरी आत राहिला तरी ओंबी स्वतःच फळते आणि सगळं वाया.

यंदा माझे डोळे अधू झाले. चष्मा बदलला, तरी हिरव्यात हिरवं दिसेना. शेजारी खाडीकाठच्या गावची एक बाई बसायची. तिथे मी फक्त तिच्याशीच बोलायचे. तांबेऱ्याच्या खोलीतल्या बायकांना आमच्याकडे येता येत नाही, जेवायलाही त्या पलीकडे बसतात. कपड्यांवरून रोग आमच्या रोपांवर येतो ना. डोळ्यांचं कळलं तर मला तिकडे पाठवतील, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

एक दिवस मी पिशवी चढवणार, तोच तिने माझी कुंडी ओढून घेतली.

"थांब गो बाय! एक राहिलाय आत."

"कुठं? मला तर न्हाई दिसत."

"तुला काय दिसतंय? कवापासून मीच काडतंय तुझं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय? तुला तिकडं धाडतील. मंग मी शिव्या कोनाला देऊ?"

मी हसले. पण तिच्या स्वतःच्या कुंड्या तशाच पडून होत्या आणि ती मान चोळत होती. माझ्याहून मोठी आहे ती.

दुपारी मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिले. "डोळ्यांनी दिसत नाही," एवढंच बोलता आलं.

"मावशी, आधी सांगायचं ना! टेन्शन घेऊ नका. तांबेऱ्याकडे माणूस हवंच आहे."

आता दिवसभर रोगट पानं कागदावर झटकते, भुकटी गोळा करते. तिथेच आंघोळ करून घरी निघते, तरी नखांत तांबडं राहतं. पाठ फार दुखते.

जेवायच्या सुट्टीत माझी जुनी शेजारीण काचेपलीकडून डबा उघडून दाखवते. बहुतेक बोंबील असतात. मग तोंड हलवत राहते. शिव्याच असणार. ऐकू काही येत नाही. मी हात वर करते.