ब्रेकबाईंचा उजवा पाय

गाडी शिकायला आलेला माणूस पहिल्या आठवड्यात कधी ना कधी देवाचा विषय काढतोच, हे ब्रेकबाईंचं चोवीस वर्षांचं निरीक्षण. कुणी किल्ली लावता लावता काढतो, कुणी चढावर गाडी मागे घसरायला लागली की काढतो. निवृत्त झालेले एक भौतिकशास्त्राचे सर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, की देव ही भित्र्या माणसांची सोय आहे. चौथ्या दिवशी समोरून ट्रक आला आणि सरांच्या तोंडून जे बाहेर पडलं, ते भौतिकशास्त्रातलं नव्हतं. एक नर्स यायची. ती म्हणायची, ड्यूटीवर असले की मानते, सुट्टीच्या दिवशी मानत नाही, त्यालाही जरा आराम.

ब्रेकबाई हे नाव शिकाऊ मंडळींनीच पाडलेलं. शिकवणीच्या गाडीत बाजूच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो, तो बाईंच्या उजव्या पायाखाली. शिकणारा घाबरून भलतंच काही दाबायच्या आत बाईंचा पाय आपलं काम उरकून मोकळा. तेही इतक्या हलक्या हाताने, म्हणजे पायाने, की गाडी आपणच सावरली असं शिकणाऱ्याला वाटावं. खरं कसब तेच, असं त्यांचं म्हणणं. माणसाला एकदा वाटलं आपल्याला जमलं, की मग खरोखरच जमायला लागतं.

आणि तुमचा आहे का हो विश्वास, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. माझ्या पायाखाली ब्रेक आहे, तेवढ्यावर माझं भागतं.

त्यांचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, उन्हाने त्यातला लाल रंग गुलाबी झालेला. टेबलावर पुठ्ठ्याचा चौक आणि खेळण्यातल्या चार गाड्या. फोनपाशी बाईंचा नवरा, शिकाऊंच्या वेळा लावायला. त्याला देवाबद्दल विचारलं तर तो वही चाळत म्हणायचा, असेल तर त्याला आपली सवय झाली असेल, नसेल तर आपल्याला त्याची. उद्या साडेसातची वेळ चालेल का?

बायकोला न दुखावता आणि बहिणीलाही न दुखावता त्याने हे वाक्य घडवलं होतं. कारण बहीण, म्हणजे बाईंची थोरली नणंद, देवाशी दिवसभर बोलणारी बाई. दूध उतू गेलं तर त्याला सांगायची, चष्मा सापडला की त्याचे आभार मानायची. नणंद-भावजयीचा हा वाद बाई लग्न होऊन आल्या त्या आठवड्यात सुरू झाला आणि दर रविवारी जेवताना पुढे चालू राहिला. दिसत नाही म्हणून नाही, असं कसं गं, ताई म्हणायच्या, तुला क्लच तरी कुठे दिसतो? क्लच बिघडला तर मी उघडून दाखवते, बाई म्हणायच्या, तुमचा दाखवा. मग नवरा कोशिंबीर पुढे करायचा.

आता ह्या ताई एकोणसाठाव्या वर्षी भावजयीकडेच गाडी शिकायला आल्या, ते काही हौसेने नाही. त्यांचं घर गावाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या वर. यजमान होते तोवर गाडी होती आणि चालवायला ते होते. ते गेले, वर्षभराने टेकडीवर येणारी बसही बंद झाली. मुलगा लांबच्या शहरात. तो म्हणाला, घर विकून टाकू, आई, तू माझ्याकडे ये. त्याच्याकडे ताईंसाठी जी खोली होती तिच्यात वॉशिंग मशीन आणि दोन सायकली आधीच राहायला होत्या. ताईंनी मुदत मागून घेतली. लायसन्स मिळालं तर मी माझ्या घरात राहणार. मुलगाही काही वाईट नव्हता. तो म्हणाला, ठीक आहे, तीनदा परीक्षा दे.

दोनदा देऊन झाली होती. दोनदा नापास.

बाईंना हे कोडंच होतं. शिकवणीत ताई छान चालवायच्या. उजव्या वळणावर जराशा उशिरा ब्रेक मारायच्या इतकंच, तेवढं बाईंचा पाय सांभाळून घ्यायचा. मग परीक्षेत होतं काय? दुसऱ्या खेपेचा कागद आला, त्यावर परीक्षक साहेबांनी शेरा मारला होता: वळणावर डोळे मिटतात.

बाईंनी तो दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी उजवं वळण आलं तेव्हा त्यांनी रस्त्याकडे न बघता ताईंकडे बघितलं. ताईंचे डोळे मिटलेले होते. शांत, समाधानी चेहऱ्याने मिटलेले. बाईंनी ब्रेक दाबला, गाडी कडेला घ्यायला लावली.

"ताई, डोळे का मिटलेत?"

"त्याला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की बघ म्हणून."

"त्याने बघायचं आणि तुम्ही मिटायचे?"

"दोघांनी एकाच वेळी कशाला बघायचं?" ताई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "हसू नकोस. तू मानत नाहीस, पण मला रोज कळतं ते. मी डोळे मिटले ना, की गाडी आपोआप हळू होते. माझा पाय पोचायच्या आधी. रोज होते. फक्त परीक्षेच्या दोन्ही दिवशी नाही झाली. काही तरी चुकलं असेल माझं. रागावलाय तो."

बाईंनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं.

सव्वीस वर्षांच्या रविवारांचा निकाल त्या बुटात होता. परीक्षेत साहेब त्याच सीटवर बसतात, पण पाय आखडून घेऊन, ब्रेकला शिवायचं नाही हा त्यांचा नियम. गप्प बसावं तर ताई तिसऱ्यांदाही डोळे मिटणार. आणि खरं सांगायचं तर, बोलून टाकायची बाईंना थोडी घाईही झाली होती.

"ताई, तो माझा पाय होता," त्या म्हणाल्या, आणि ब्रेक दाबून दाखवला.

ताईंनी खाली वाकून तो ब्रेक बघितला, मग समोर बघितलं. घरी सोड, एवढंच म्हणाल्या. टेकडी चढेपर्यंत दूध, चष्मा, हवापाणी, कशाबद्दलच कुणाशीच बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला, तो भावाला. माझी वेळ दुसऱ्या कुणाला दे. तिसऱ्या दिवशीही तेच. रविवारी त्या जेवायला आल्या नाहीत. नवऱ्याने कोशिंबीर वाढून घेतली आणि विचारलं, "मग? जिंकलीस?"

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. परीक्षेला नऊ दिवस राहिले होते.

सोमवारी त्या गेल्या. शिकवणीची गाडी मुद्दामच घेतली नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत बस, पुढे चालत, टाकीपर्यंत पोचेस्तोवर धाप लागली. ताई घरात नव्हत्या. अंगणात यजमानांची गाडी उभी होती, तिचं कव्हर अर्धं ओढून काढलेलं, आणि ताई आत स्टिअरिंगसमोर बसल्या होत्या. पट्टा लावलेला, किल्ली हातात.

बाई दार उघडून बाजूला बसल्या. पर्समधून शिकाऊची लाल पाटी काढून ती काचेवर चिकटवली.

"बॅटरी आहे?"

"खालच्या मेकॅनिकने काल बघितली," ताई म्हणाल्या. "पण बोलायला कोणी नाही गं गाडीत. मी तोंड उघडते आणि तुझा पाय दिसतो."

"माफ करा ताई. सांगायला हवंच होतं, पण तसं नको होतं सांगायला."

ताईंनी किल्ली लावली. "डोळे उघडे ठेवते. बघू किती जमतं."

टेकडीचा उतार चार वळणांचा. पहिल्या वळणाला बाईंचा उजवा पाय सवयीने दबला, आणि खाली ब्रेक नव्हता. नुसता गालिचा. गाडी मात्र झोकात वळली. दुसऱ्या वळणाला त्यांनी पाय आवरायचा असं ठरवलं, आणि पहिल्यापेक्षा जोरात दाबला. तिसऱ्याला दोन्ही पाय. चौथ्या वळणानंतर ताईंनी गाडी कडेला घेतली, आरसा बघून, हात दाखवून, अगदी नियमाने.

"खाली काय दाबतेयस मघापासून?"

"काही नाही."

"काही नाही ते दिसतंच आहे. पण दाबतेयस."

"सवय आहे."

"त्याने गाडी थांबते?"

"नाही थांबत."

"मग?"

खोटं बोलायचा बाईंचा स्वभाव नव्हता. "मला बसवतं," त्या म्हणाल्या. "नाही दाबलं तर मी इथे बसूच शकणार नाही."

ताई हसायला लागल्या. आठवडाभराचं तुंबलेलं हसू ते, स्टिअरिंगवर डोकं टेकून हसल्या, हॉर्न वाजला तरी हसत राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आणि मला म्हणतेस क्लच उघडून दाखवते."

"मी अजूनही मानत नाही हं ताई."

"मान म्हणतंय कोण? तू तुझा गालिचा दाब."

त्या दिवशी रस्त्याच्या कडेला दोघींचा तह झाला. देवाशी बोलायचं, पण किल्ली लावायच्या आधी, आणि जे सांगायचं ते एकदमच. सीट, आरसा, पट्टा, देव, किल्ली, असा क्रम ब्रेकबाईंनी स्वतःच्या तोंडाने घोकून घेतला. उरलेले दिवस शिकवणीच्या गाडीत त्या पाय सीटवर घेऊन, मांडी घालून बसल्या. ताई रोज सकाळी त्याला पूर्ण यादी सांगायच्या: आज दोन उजवी वळणं आहेत, एक चढ, शाळेसमोर मुलं असतील, मुलांकडे तू बघ, वळणांचं मी बघते.

परीक्षेच्या दिवशी मैदानाच्या कडेला बाकावर बाई आणि त्यांचा नवरा बसले. ताई सीटवर बसल्या, आरसा नीट केला, पट्टा लावला. मग नुसत्याच थांबल्या. परीक्षक साहेबांनी घड्याळ बघितलं. बाई बाकावरून अर्ध्या उठल्या.

"यादी सांगतेय," नवरा म्हणाला. "मोठी असणार आज."

शेवटी गाडी हलली. आठाच्या आकारात एक फेरी, चढावर थांबून पुन्हा सुरुवात, मागे घेऊन दोन खांबांमध्ये. मग फाटकातून बाहेरचा रस्ता, आणि त्याच्या टोकाला ते उजवं वळण. इतक्या लांबून ताईंचे डोळे दिसणं शक्यच नव्हतं. मागचे लाल दिवे तेवढे दिसत होते. ब्रेकबाईंना वाटलं आता, आता लागायला हवेत. आणि ते लागले. वेळेवर, ना लवकर ना उशिरा. गाडी शहाण्यासारखी हळू झाली, वळली आणि दिसेनाशी झाली.

पंधरा मिनिटांनी ती परत आली. साहेब उतरले, कागदावर सही केली आणि ताईंच्या हातात देताना इतकंच म्हणाले, की निघायला फार वेळ लावता, बाकी चांगलं आहे. ताईंनी कागद डोक्यावर धरून हलवला.

नवरा टाळ्या वाजवत उठला. बाईंना मात्र उठताना पाय सोडवेना. बाकासमोरच्या खडीत, बरोबर त्यांच्या उजव्या बुटाखाली, वाटीएवढा खड्डा पडला होता. नवऱ्याने तो बघितला. एकदा त्याच्याकडे, एकदा बायकोकडे. मग स्वतःच्या चपलेने खडी सारून तो बुजवून टाकला, आणि बहिणीला तिच्या मुलाचा नंबर लावून द्यायला पुढे गेला.