विरजणावरचा प्रोग्रॅम

लग्न झालं आणि नवरा पुण्यात, मी चेन्नईत नुंगंबाक्कमच्या ऑफिसात, असा आमचा संसार सुरू झाला. बदली मागितली तेव्हा मॅनेजर म्हणाले, "नव्या मशीनवर आपला प्रोग्रॅम रिकाम्या फोल्डरपासून उभा करून दे आणि जा पुण्याला." एवढंच ना, म्हणून मी हॉस्टेलवर सामानही बांधायला घेतलं.

प्रोग्रॅम फॉरट्रान या जुन्या संगणकभाषेतला, गाडीचं इंजिन थंड ठेवण्याचं गणित करणारा. त्याच्या पुष्कळ फायली, आणि प्रत्येक फाईल डोक्यावरच सांगायची की मला अमकी फाईल लागते. जी लागते ती आधी कंपाइल करायची, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायची, मग ही. हा क्रम मेकफाईल नावाच्या फायलीत कुणीतरी कधीकाळी हाताने लिहून ठेवला होता, आणि तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मी म्हटलं, हे माणसाने कशाला लिहायचं? सगळ्या फायली वाचून मेकफाईल आपोआप तयार करणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला आणि ऐटीत चालवला. त्याने सांगितलं, उष्णतेच्या फायलीला आधी प्रवाहाची फाईल लागते आणि प्रवाहाच्या फायलीला आधी उष्णतेची, तेव्हा क्रम लागत नाही.

माझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून पुन्हा पुन्हा तपासलं. चूक नव्हती. मग इतकी वर्षं हे कंपाइल होत कसं होतं? तर मागच्या खेपेचे कंपाइल होऊन उरलेले तुकडे फोल्डरमध्ये पडून असत, त्यांच्या जिवावर. कालच्या दह्याचं विरजण लावून आजचं दही, तसं. भांडं घासायची हिंमत आजवर कुणी केलीच नव्हती. नव्या मशीनवर मात्र भांडं कोरं होतं.

आमच्याकडे नियम असा की फायलीवर ज्याचं नाव, ती त्याच्या गळ्यात. उष्णता होती एका तंजावर मराठी सरांच्या गळ्यात आणि प्रवाह एका तमिळ सरांच्या. दोघं पन्नाशी उलटलेले, पाठीला पाठ लावून बसत आणि एकमेकांशी बोलत नसत. कारण म्हणे एक परदेशवारी, जी दोघांपैकी एकालाच मिळाली. उपाय सोपा होता. दोघांना लागणारं सामायिक गणित बाहेर काढून तिसऱ्या फायलीत ठेवायचं. त्यासाठी दोघांनी बोलायला हवं होतं. म्हणजे माझा संसार या दोघांच्या अबोल्यावर अडला होता!

मग निरोप वाहणं माझ्याकडे आलं. तंजावरचे सर त्यांच्या जुन्या मराठीत म्हणायचे, "त्यास सांगा, पाणी वाहो न वाहो, ताप असतोच. माझें नांव राहील." मी इंग्रजीत सांगायला वळावं, तोवर तमिळ सरांचं इंग्रजीत उत्तर तयार, "त्यांना सांग, मा, पाणीच नसेल तर ताप मोजणार कशाचा?" मागच्या खुर्चीवरून फोनवर चालणारं ते घरचं मराठी वर्षानुवर्षं ऐकून त्यांना सगळं कळत होतं. तरी मी मध्ये उभी राहायला हवी होती.

गणित निघालं, पण तिसऱ्या फायलीवर दुसऱ्याचं नाव कुणालाच चालेना. शेवटी तडजोड म्हणून माझं घातलं. रिकाम्या फोल्डरमधून प्रोग्रॅम उभा राहिला. मॅनेजर खूश झाले, फाईल उघडून म्हणाले, "अरे वा, ही तर तुझी! मग तू गेलीस तर हिच्याकडे बघणार कोण? बदलीचं पुढच्या वर्षी पाहू."

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. तो लाभ हा! मी जागेवर येऊन बसले आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दोघं हळू आवाजात तमिळमध्ये बोलत होते, एकमेकांशी. मला फक्त 'पुणे' कळलं, आणि 'पावम्', म्हणजे बिचारी.

दुसऱ्या दिवशी तिसरी फाईल उघडली तर माझं नाव गायब. त्या जागी त्या दोघांची नावं, एकाच ओळीत. माझं डोकंच फिरलं. हेलपाटे मी घातले आणि श्रेय यांना! तणतणत गेले तर दोघंही आपापल्या स्क्रीनमध्ये मान घालून बसलेले. तंजावरचे सर वर न बघताच म्हणाले, "तुमचें नांव असतां तुम्हांस सोडतील काय?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मॅनेजरांकडे अडवायला आता कारण उरलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी सेंट्रलवरून पुण्याची गाडी पकडली. नाव पुसल्याचा राग गाडीत बसले तरी गेला नव्हता, आणि रडू काही थांबत नव्हतं.